दिसलं का? कुठे? अगं तिकडे!

अलास्का क्रूझच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास स्पीकरवर जहाजावरच्या नॅचरलिस्ट, म्हणजे प्राणीपक्ष्यांची माहिती सांगणाऱ्या, बाईंचा आवाज आला, हंपबॅक व्हेल, टू ओ'क्लॉक. मी म्हटलं बरं झालं, अजून वेळ आहे, तोवर नाश्ता करू, केस धुऊ, आणि दोनला दहा कमी असताना कानटोपी-बिनटोपी चढवून डेकवर जाऊन उभी राहिले. डेकवर मी आणि पुस्तक वाचत बसलेले एक गोरे आजोबा, बाकी कोणी नाही. सव्वादोन झाले, अडीच झाले, व्हेलचा पत्ता नाही. लेक शोधत शोधत आली तेव्हा तिला विचारलं, अगं दोनचा व्हेल होता ना, लेट आहे का? ती जी हसायला लागली ती तिथेच खाली बसली. तर माझ्यासारखं कोणाला माहीत नसेल तर सांगते, जहाजाचं नाक म्हणजे बारा, शेपटी म्हणजे सहा, उजवी बाजू तीन, डावी नऊ, आणि टू ओ'क्लॉक म्हणजे नाकाच्या जरा उजवीकडे बघा. व्हेल सकाळी साडेनऊलाच येऊन गेला होता. आमच्या ह्यांनी तो पाहिलाही होता आणि वहीत लिहूनसुद्धा टाकला होता. मला सांगायला काय झालं होतं असं विचारलं तर म्हणाले, मला वाटलं तुला ऐकू आलं असेल.

ह्या वहीबद्दल आधी सांगायला हवं. हे बँकेतून रिटायर झाले आणि सहा महिन्यांत पक्षीवाले झाले. हिवाळ्यात पहाटे उठून ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो, वर्षातून एकदा भिगवण, गळ्यात आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आणि शर्टाच्या खिशात छोटी वही. वहीचा नियम एकच, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. ग्रुपमधल्या कोणी सांगितलं, फोटो दाखवला, तरी नाही. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले आणि दोन्ही वेळा तासभर दिसलं का, कुठे, अगं त्या खांबाच्या डावीकडे, कुठला खांब, उडालं बघ, एवढंच झालं. दुर्बिणीतून मला स्वतःच्या पापण्या सोडून काही दिसत नाही. त्यामुळे लेक म्हणाली की आई-बाबा आलाच आहात सिअ‍ॅटलला तर जुलैच्या शेवटी सात रात्रींची अलास्का क्रूझ करू, तेव्हा हे जितके खूश झाले तितकीच मी मनातून धास्तावले, म्हटलं सात दिवस खांबाच्या डावीकडे.

जायच्या आधीची एक कटकट, कारण आमच्यासारखे बरेच आईवडील मुलांकडे गेल्यावर ही क्रूझ करतात. आमची क्रूझ सिअ‍ॅटलहून सिअ‍ॅटलला, बंदरं ज्युनो, स्कॅगवे, केचिकन, आणि शेवटी कॅनडातलं व्हिक्टोरिया, तेही फक्त रात्रीचे चार तास. त्या चार तासांसाठी आम्हा दोघांना कॅनडाचा व्हिसा काढावा लागला. ग्रीन कार्ड असलेल्यांना लागत नाही, आपल्या टुरिस्ट व्हिसावाल्यांना लागतो. मी म्हटलं व्हिक्टोरियाला उतरायचंच नाही मग, जहाजावर झोपून राहू, तर तसंही चालत नाही. मग जावयाने सांगितलं की अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या, म्हणजे बाहेरच्या देशात नोंदलेल्या, जहाजाने अमेरिकेतल्या बंदरातून माणसं घेऊन मधे कुठल्याही परदेशी बंदराला न लागता परत अमेरिकेतच उतरवायची नाहीत. आणि ही मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी बाहेरच्याच झेंड्याची. म्हणून ते व्हिक्टोरिया. ब्रिटिशांच्या राणीच्या नावाचं गाव आम्हाला अमेरिकेच्या कायद्यामुळे बघावं लागलं. तर व्हिसाचं काम दोन-तीन महिने आधी काढा.

दुसरा प्रश्न सगळे विचारतात, बाल्कनीची खोली घ्यायची का. आम्ही घेतली होती आणि माझं मत विचाराल तर त्याची गरज नाही. बाल्कनीतून एकच बाजू दिसते आणि प्राणी नेमके दुसऱ्या बाजूला असतात. वर मोकळ्या डेकवर दोन्हीकडे पळता येतं, चहा-कॉफी जवळ असते, शिवाय आजूबाजूचे लोक बोट दाखवतात ते वेगळंच. वाचलेले पैसे व्हेलच्या बोटीला लावा. कपड्यांचं म्हणाल तर आमच्या वेळी बाहेर बारा-पंधरा डिग्री होतं, महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखं, पण जहाज चालू असताना वारा असा की डोळ्यातून पाणी यायचं. एक जाड कोट नेण्यापेक्षा आत-बाहेर चार पातळ कपडे आणि वरून पाऊस अडवणारं जॅकेट हे बरं पडतं.

पहिलं बंदर ज्युनो. ही अलास्काची राजधानी आणि तिथे गाडीने जाता येत नाही, कारण बाहेरून येणारा रस्ताच नाही, एकीकडे समुद्र आणि पाठीमागे डोंगर आणि बर्फ. आमदारसुद्धा विमानाने नाहीतर बोटीने येणार. जहाज दुपारी लागलं, पण जुलैच्या शेवटी तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे अख्खा दिवस मिळाल्यासारखं झालं. बसने ऑक बेला गेलो आणि तिथून तीस-चाळीस माणसांच्या बोटीने व्हेल बघायला. माणशी पावणेदोनशे डॉलरच्या आसपास, म्हणजे रुपयात हिशोब करू नका, मी केला आणि थोडा वेळ काही सुचलं नाही.

पण ते पैसे वसूल झाले. जहाजावरून व्हेल म्हणजे लांबवर पाण्यातून कोणीतरी फुस्स करून अत्तर उडवल्यासारखं दिसतं. छोट्या बोटीत तुम्ही पाण्याच्या पातळीला असता. नियमाने बोटीने शंभर यार्डांपेक्षा जवळ जायचं नाही, मग कॅप्टनने इंजिन बारीक केलं आणि आम्ही नुसते डुलत उभे. पाच मिनिटं काहीच नाही. आणि मग डाव्या बाजूला एकदम प्रेशर कुकरची शिट्टी सुटावी तसा आवाज, पाण्याच्या वाफेचा खांब, आणि वाऱ्याबरोबर तो वास आमच्या बोटीवर आला. वासाबद्दल कोणी आधी सांगत नाही. मी देवगडकडची, सुकटीच्या बाजारात लहानपणी आजीबरोबर फिरलेली, तरी मी नाकाला रुमाल लावला. काळी चकचकीत पाठ येतच राहते, येतच राहते, संपत नाही, बेस्टच्या बसपेक्षा लांब जनावर असतं ते, आणि मग पाठ कमानीसारखी वाकली की समजायचं आता शेपूट वर येणार. शेपूट वर येते तेव्हा घाई अजिबात नसते, देवळात घंटेला हात लावून बाई सावकाश वळते तशी, पाणी गळत गळत वर येते, क्षणभर उभी राहते आणि आत जाते. पाण्यावर नंतर एक गुळगुळीत गोल राहतो, तेल सांडल्यासारखा.

त्या शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या रंगाची जी नक्षी असते ती प्रत्येकाची वेगळी, आपल्या अंगठ्यासारखी. त्यावरून एकेका व्हेलला ओळखतात, ह्याची आई कोण, हा मागच्या उन्हाळ्यात आला होता का, सगळं. हे हंपबॅक थंडीत हवाईला जातात, पिल्लं तिकडे होतात, पण तिकडे खायला जवळजवळ काही नाही, म्हणजे आई बाळंत होऊन, दूध पाजून, उपाशीपोटी हजारो मैल पोहत इकडे हेरिंग मासे आणि क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खायला येते. हे ऐकल्यावर बोटीतल्या सगळ्या बायका जरा गप्प झाल्या. काही व्हेल मिळून बुडबुड्यांचं जाळं करून मासे कोंडतात आणि मग सगळे एकदम तोंड उघडून वर येतात, त्याचे व्हिडिओ सगळीकडे आहेत, पण ते आम्हाला दिसलं नाही. एकाने अख्खी उडी मारली तेव्हा मी नेमकी हातमोजा काढत होते. आवाज ऐकला. हे म्हणाले दिसलं का? मी काही बोलले नाही.

परत येताना समुद्रात एक लाल बोया होता, तरंगणारा, आणि त्याच्यावर पाच-सहा स्टेलर सी लायन, सीलसारखी धिप्पाड जनावरं. जागा चौघांची. एक खालून वर चढायला बघतोय, वरचे ओरडतायत, जरासुद्धा सरकत नाहीयेत, शेवटी त्याने एक अर्धं बूड टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. तीस वर्षं डोंबिवली-सीएसएमटी केलेल्या बाईला हे काय ते समजावून सांगावं लागत नाही. फोर्थ सीट!

आणि बाल्ड ईगल. आपल्याकडे घारी असतात तसे इथे गरुड, दिव्याच्या खांबावर, बोटीच्या डोलकाठीवर, कचऱ्याच्या डब्याजवळसुद्धा. डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर ते तपकिरी आणि कळकट दिसतात. आवाज मात्र अगदी किरकिरा, सिनेमात जी दमदार किंकाळी ऐकवतात ती बहुतेक वेळा दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची असते म्हणे. ह्यांनी त्या दिवशी वहीची चार पानं भरली.

संध्याकाळी मेंडेनहॉल ग्लेशियर, म्हणजे हिमनदी. बसमधून उतरताना ताकीद, पायवाटेवर खाण्याचं काही न्यायचं नाही, अस्वलं आहेत. माझ्या पर्समध्ये डिंकाचे लाडू होते ते ड्रायव्हरकडे ठेवले, परत मिळाले, त्याला एक दिला, त्याने विचारलं ह्यात काय आहे आणि डिंकाला इंग्रजीत काय म्हणायचं ह्यावर जावई अडकला. तिथे एक छोटा ओढा आहे, स्टीप क्रीक, त्यात जुलैच्या मध्यापासून सॉकाय साल्मन येतात, लालभडक झालेले, आणि त्यांच्यामागे काळी अस्वलं. लाकडी पुलावरून आम्ही खाली बघत होतो आणि खाली एक अस्वल आमच्याकडे ढुंकूनही न बघता मासा तोंडात धरून झाडीत निघून गेलं. तिथली रेंजर, म्हणजे वनरक्षक बाई, म्हणाली, ते अर्धा खाऊन टाकून देतात आणि उरलेला जंगलाला खत होतो, इथल्या झाडांमध्ये समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडतो. ग्लेशियरची माहिती देणारी इमारत १९६२ सालची. तेव्हा बर्फ तिथून अगदी जवळ दिसायचा, जुने फोटो लावलेत, आता मधे मोठं तळं आहे आणि हिमनदी पलीकडे डोंगराच्या वळणाशी. शेजारी नगेट फॉल्स नावाचा ३७७ फुटांचा धबधबा आहे, लोक त्याच्यापुढेच फोटो काढत बसतात.

स्कॅगवे मी पटकन आटपते. गाव छान आहे, लाकडी फूटपाथ, जुनी दुकानं, कायमची वस्ती हजाराच्या आसपास आणि आमच्या दिवशी तीन-चार जहाजांची माणसं, म्हणजे जत्राच. १८९६ ला डोंगरापलीकडे कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत लाखभर माणसं सोन्यासाठी निघाली, त्यातली बरीच ह्या गावातून. कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला की वर्षभराचं सामान बरोबर असेल तरच आत सोडणार, ते सामान व्हायचं जवळजवळ टनभर, मग ते डोंगरावर चढवायला माणसं पाच-पंचवीस खेपा करायची. घोड्यांची तर दैना. जवळपास तीन हजार घोडे त्या व्हाइट पासच्या वाटेवर मेले, त्या घळीला अजून डेड हॉर्स गल्च म्हणतात. आणि एवढं करून बहुतेक लोक पोचले तेव्हा चांगल्या जागा आधीच दुसऱ्यांनी धरल्या होत्या. पैसा केला तो फावडी आणि तंबू विकणाऱ्यांनी.

त्याच वाटेने १८९८ ते १९०० मध्ये जी रेल्वे बांधली तिने आता पर्यटकांना वर नेऊन आणतात. गाडी छोटी, तीन फुटी रूळ, वीस मैलांत २,८६५ फूट चढते. मी लगेच ह्यांना म्हटलं, ही माथेरानची मोठी बहीण. आपली नेरळ-माथेरान दोन फुटी रुळांची, १९०७ ची, आणि तीही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर जाते. चढताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे. रुळांच्या कडेला फायरवीडची जांभळट गुलाबी फुलं, देठावर खालून वर फुलत जातात आणि शेंड्याला पोचली की उन्हाळा संपला असं तिकडे म्हणतात. सुंदर आहे सगळं, पण जो माणूस श्रावणात कोकण रेल्वेने रत्नागिरीला गेलाय त्याला दोन धबधबे बघून खुर्चीतून उठावंसं वाटत नाही, आणि तिकीट व्हेलच्या बोटीच्या जवळपास जाणारं. माझं मत. जावयाला हे सर्वात जास्त आवडलं.

ग्लेशियर बे. इथे उतरायचं नसतं, बंदरच नाही, दिवसभर जहाज आत जाऊन बाहेर येतं, आणि दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना परवानगी आहे. बुकिंग करताना हे बघून घ्या, सगळ्या क्रूझ इथे जात नाहीत. पहाटे एक छोटी बोट आमच्या जहाजाला चिकटली आणि दोरीच्या शिडीवरून पार्क रेंजर चढून आल्या, दिवसभर माइकवर त्याच बोलत होत्या. मी पाच वाजताच उठून बसले होते, कारण ह्या वेळी घड्याळाच्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं होतं, जाऊन उभं राहायचं आणि हलायचं नाही.

रेंजरबाईंनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून अजून जात नाही. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा ही खाडी नव्हतीच, तोंडापाशी थोडासा खळगा आणि पुढे सगळी बर्फाची भिंत. १८७९ ला निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर बर्फ चाळीसेक मैल आत सरकला होता. आणि आज मुखापासून टोकापर्यंत खाडी आहे ६५ मैल. मी हिशोब केला, व्हीटीला गाडीत बसलं आणि कर्जतच्या थोडं पुढे उतरलं, तेवढं. तेवढा सगळा बर्फ, त्यातला बहुतेक शंभर-सव्वाशे वर्षांत गेला. आणि त्याच्याही आधी तिथे गावं होती. इथल्या मूळच्या क्लिंकिट लोकांची, स्पेलिंग वेगळं आहे पण उच्चार क्लिंकिट. बर्फ पुढे आला तेव्हा त्यांना घरं सोडून पळावं लागलं, कुत्रा धावतो तितक्या वेगाने बर्फ आला असं त्यांच्या गोष्टीत सांगतात. मग बर्फ गेला. २०१६ मध्ये त्यांनी तिथे परत आपलं मोठं लाकडी घर बांधलं. आपण धरणाखाली गेलेली गावं ऐकतो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो वगैरे, पण बर्फाखाली गेलेलं आणि बर्फ वितळून समुद्र झालेलं गाव मी पहिल्यांदा ऐकलं.

वाटेत सी ऑटर, म्हणजे समुद्रातली पाणमांजरं. पाठीवर तरंगत, पोटाचा टेबल करून शिंपले फोडत, पाय वर, दुपारी जेवून आरामखुर्चीत पडलेल्या काकांसारखे. सगळ्या सस्तन प्राण्यांत ह्यांची फर सर्वात दाट, आणि त्या फरपायी ह्या भागातून ते पार संपले होते, १९६५ ते ६९ मध्ये दुसरीकडून चारशेच्या आसपास आणून सोडले आणि आता ह्या एका खाडीत हजारोंनी आहेत. मार्बल आयलंड नावाच्या खडकांवर पफिन होते, टफ्टेड पफिन, नारिंगी चोच आणि कानावर पिवळ्या शेंड्या. हे दुर्बिणीतून बघत होते आणि मला वाटलं हे रडतायत की काय, तर वारा होता म्हणाले. पुढे एका उघड्या कड्यावर पांढरे ठिपके, माउंटन गोट. इथे मला पहिल्यांदा दुर्बिणीशिवाय, कोणी न सांगता, आपोआप दिसलं की एक ठिपका हलला. मी ओरडले नाही. फक्त ह्यांचं कोपर धरून दुर्बीण तिकडे वळवली.

मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज तासभर थांबलं, सावकाश स्वतःभोवती फिरत, दोन्ही बाजूंच्या लोकांना बघता यावं म्हणून. मैलभर रुंद भिंत, पाण्यावर साधारण अडीचशे फूट, म्हणजे पंचवीस मजली इमारती एकाला एक लावून उभ्या केल्यासारख्या, आणि निळी. आकाश ढगाळ होतं तरी निळी. बर्फ वरच्या बर्फाने दाबून दाबून त्यातली हवा गेली की तो लाल रंग गिळतो आणि निळा तेवढा बाहेर सोडतो म्हणे. माझ्या मनात आलं ते कपड्याला घालायच्या निळीचं पाणी. मागे ढग थोडे बाजूला झाले आणि माउंट फेअरवेदरचं टोक दिसलं, ४,६७१ मीटर, थेट समुद्रापासून उभा, तीन कळसूबाई एकावर एक रचायला घेतल्या तर तिसरीच्या खांद्यापर्यंत.

आणि आवाज. इतकी माणसं डेकवर आणि कोणी बोलत नव्हतं. आतून कडकड, फटफट, लांबवर कोणी सुतळी बॉम्ब लावतंय असं. क्लिंकिट लोक ह्याला पांढरा गडगडाट म्हणतात. मग उजवीकडे भिंतीवरून एक तुकडा सुटला, इमारतीच्या गच्चीएवढा असेल, आणि तो पडला तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. पडला, पाणी उडालं, समुद्री पाखरांचा थवा उठला, आणि मग आवाज आला, मग लाट आली. धोबी लांब घाटावर कपडा आपटतो आणि आवाज मागून येतो, नदीकाठी वाढलेल्यांना माहीत असेल, तसं. मी दोन तास डेकवर उभी होते, पाय दुखून आले, जेवायला गेले नाही. ज्या बाईला ऐरोलीला अर्धा तास उभं राहवत नव्हतं.

रात्री जेवताना आमच्या टेबलला वाढणारा मुलगा आला. हा मडगावकडचा, पहिल्या दिवशी आमचं मराठी ऐकून त्याने कशें आसात विचारलं, मी मालवणीत उत्तर दिलं, तेव्हापासून आमच्या टेबलला वाटीत लोणचं यायला लागलं आणि एकदा खालच्या स्टाफच्या जेवणातली माशाची आमटी-भात. ह्या जहाजांवर गोव्याची, मुंबईची पुष्कळ मुलं आहेत, एकेका काँट्रॅक्टला सात-आठ महिने घराबाहेर. त्याने विचारलं, आंटी काय काय पाहिलं आज? मी सगळं सांगितलं, बर्फ, ऑटर, आवाज. तो म्हणाला, माझा तिसरा सीझन, व्हेल अजून नाही बघितला, ज्या वेळेला व्हेल येतो त्या वेळेला ब्रेकफास्ट असतो. हसत म्हणाला. ह्यांनी मान खाली घालून भात कालवला.

केचिकन. इथे वर्षाला दीडशे इंच पाऊस, पावणेचार हजार मिलिमीटर, म्हणजे आमच्या कोकणातला पाऊस घेऊन बारा महिन्यांत वाटून टाकलाय. आम्ही उतरलो तेव्हाही पडत होता आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, ओला लाकडाचा वास, शेवाळं, पत्र्यावरचा आवाज. इथे आम्ही एकही टूर घेतली नाही. जहाज दुपारी निघणार होतं, वेळ थोडा, चालतच क्रीक स्ट्रीटला गेलो, ओढ्यावर खांब रोवून बांधलेली रंगीत लाकडी घरं, पूर्वी १९५४ पर्यंत तिथे नको ते धंदे चालायचे, आता फ्रिज मॅग्नेट विकतात. पुलावरून खाली वाकले आणि ओढा काळा दिसला. मासे! पाणी कमी आणि मासे जास्त. प्रवाहाविरुद्ध तोंड करून, शेपट्या हलवत, जागच्या जागी, मग एकदम एक उसळी मारून दगडावर आपटतो, मागे पडतो, परत.

मी म्हटलं, अहो हे तर चढणीचे मासे! मृगाचा पाऊस पडला की आमच्याकडे ओढ्यातून, शेताच्या बांधावरून मासे वर चढतात, रात्री बत्ती घेऊन बाबा आणि काका जायचे आणि मला कधी नेलं नाही. फरक इतकाच की हे साल्मन समुद्रात काही वर्षं काढून, वास ओळखत, ज्या ओढ्यात जन्मले त्याच ओढ्यात येतात, अंडी घालतात आणि मरतात. समुद्र सोडल्यावर खातही नाहीत. आपण रावसाला इंडियन साल्मन म्हणतो पण त्याचं आणि ह्यांचं नातं काही नाही. तिथे मी अर्धा तास उभी. लेक म्हणाली आई, दुकानं. मी म्हटलं जा तुम्ही.

मग गावची साधी बस पकडून जवळच्या सॅक्समन गावाला, टोटेमचे उंच कोरीव लाकडी खांब बघायला. मला वाटायचं हे त्यांचे देव असतील. देव नाहीत, पूजा करत नाहीत, तो घराण्याचा इतिहास आहे, कुळाचा प्राणी, कोणाची आठवण, कोणाचा मान. क्लिंकिट समाजात दोन बाजू, रेव्हन आणि ईगल, लग्न आपल्या बाजूत करायचं नाही, आणि मुलं आईच्या बाजूची. म्हणजे आपलं देवकच झालं की! लग्नात देवक बसवतो, कोणाचं कळंब, कोणाचं मोराचं पीस, आणि सारखं देवक असलं तर सोयरीक नाही. एक खांब तर मला फारच आवडला, अमेरिकेचा तेव्हाचा परराष्ट्रमंत्री विल्यम सुअर्ड, त्याचा. ह्याने १८६७ ला अलास्का रशियाकडून ७२ लाख डॉलरला विकत घ्यायचा व्यवहार केला, दोन वर्षांनी इकडे आला, इथल्या प्रमुखाने त्याचा थाटामाटात पाहुणचार केला, भेटी दिल्या, आणि ह्याने परत काहीच पाठवलं नाही. म्हणून त्याचा खांब केला, नाक आणि कान लाल रंगवलेले, सगळ्यांनी बघावं असा. आमच्याकडे आहेर परत न करणाऱ्यांची नावं नुसती वहीत राहतात. इथे लाकडात कोरून भर चौकात.

शेवटचा दिवस समुद्रात. सगळे बॅगा भरत होते, बुफेत गर्दी, मी सकाळी सहा-साडेसहाला एकटीच प्रोमनेड डेकवर चहा घेऊन. धुकं होतं, समुद्र ताटासारखा. काही शोधत नव्हते, खरंच नव्हते. आणि डाव्या बाजूला, दहाच्या काट्यावर, एक काळा उंच पंख पाण्यातून वर आला, सरळ, माणसाएवढा, वळलेला नाही. मग दोन छोटे, पुढे-मागे. डोळ्यामागे पांढरा डाग एकदाच दिसला. एक श्वास, दोन श्वास, आणि धुक्यात गेले. फोन खोलीत चार्जिंगला होता. दुर्बीण ह्यांच्या गळ्यात, हे अंथरुणात.

खोलीत येऊन ऑर्का, म्हणजे काळे-पांढरे किलर व्हेल, दिसले असं सांगितलं तर लेक म्हणाली डॉल्फिन असतील आई, जावई म्हणाला फोटो आहे का. ह्यांनी विचारलं पंख केवढा होता, वाकडा की सरळ, किती वेळ, कुठल्या दिशेने गेले. मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, दात घासायला गेले.

डोंबिवलीला परत आल्यावर सामान लावताना ती वही हाताला लागली म्हणून चाळली. केचिकनच्या पानानंतर निळ्या शाईत एक ओळ होती, ऑर्का, ३, एक नर, पहाटे, डेक ७, आणि पुढे बारीक अक्षरात, हिने पाहिले.